शेरा

टेंभुर्णीला चहा. जेऊर फाट्याला एक पोर ओकलं.
करमाळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा साडेदहा.
पिशवीत तीस मीटरचा टेप, क्लिपबोर्ड,
आणि छापील तक्ता : असंरक्षित वास्तू, नमुना ब.
कंत्राट तीन महिन्यांचं. वास्तूमागे दीडशे.

छत्री कुठंय विचारलं
तर रिक्षावाला आभाळाकडे बघून हसला.
पंक्चरवाल्यानं मात्र हातातली ट्यूब न सोडता
हनुवटीनं दाखवलं :
वीटभट्टीच्या मागं. बाभळीत.

आठ खांब. घुमटावर पिंपळ,
सांध्यासांध्यात मुळं घुसलेली,
जाड दाभणानं कुणी गोधडी शिवावी तशी.
आत छतापर्यंत कडबा,
शाळूचा कोरडा, गोडसर वास,
आणि एक शेळी, जिला माझं येणं
मुळीच मान्य नव्हतं.
खांबावर खिळ्यानं कोरलेलं : विकी + स्वप्ना.
चला, एवढी दोन नावं तरी वाचता आली.

टेप लावला. उंची, घेर, दोन खांबांतलं अंतर.
काळ : अंदाजे मराठेशाही.
(अंदाजे, या शब्दावर माझं पोट चालतं.)
कोणाचे स्मारक :
इथे पेन थांबलं.

"काय मोजायलाव, बाई?"
डोक्याला टॉवेल, हातात विळा.
दस्तगीर मुलाणी. शेळी त्यांची, कडबाही.
"तुमी कुठल्या?"
सोलापूर. येमूल.
"म्हंजी मागवाले."
माग गेले, म्हटलं. आई विड्या वळते.
ते मान हलवत राहिले,
ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखे.

कुणाची ही समाधी?
"सरदाराची."
कोणत्या?
"सरदाराचीच की. नाव आज्याला ठावं हुतं.
त्यानं सांगितलं न्हाई, बानं इचारलं न्हाई."

लिहिलं : सरदार, नाव अज्ञात.
टेप गुंडाळायला लागले.
तेव्हा काय झालं कुणास ठाऊक,
त्यांनी विळा खाली ठेवला
आणि पेंढ्या ओढायला लागले.
दोन. पाच. अकरा.

खाली काळी शिळा. तिच्यावर पावलांची जोडी.
कडेला पणती, वात अर्धी जळलेली,
करडीचं तेल बोटाला लागलं.
पावलं माझ्या तळहातात मावली असती.
तरी टेप लावला.
साडेपाच इंच.
पुन्हा लावला. साडेपाच.

पाथरवटाला दगड पुरला नसेल, म्हटलं मी,
कचेरीत म्हणतात तशा आवाजात.
"आसंल," ते म्हणाले. "पर आमी ल्हानच धरतो.
दिव्याला दोन बिघं इनाम हुतं.
जमीन गेली आज्याच्याच टायमाला.
दिवा न्यायला कोन आलं न्हाई.
मंग लावतो आवसंला. अंधार आसतो न्हवं का."

मग सरदार का सांगता?
त्यांनी भट्टीपलीकडं बघितलं,
जिथं चुन्याची पांढरी रेघ
सरळ आमच्याकडंच येत होती.
"सरदार म्हटलं तर रस्ता जरा वाकतो, बाई.
लेकरू म्हटल्यावर कोन वाकवतंय?"

शेळी तक्त्याचा कोपरा खायला आली.
मी वर धरला.
सद्यस्थिती : सुस्थितीत / मोडकळीस / नष्टप्राय.
मोडकळीसवर खूण केली, कारण तेच खरं होतं.
सरदार खोडला नाही.
खाली शेऱ्यासाठी दीड ओळ जागा असते,
तिथं लिहिलं : दिवा लागतो.
वरचे साहेब विचारतील, याचा अर्थ काय.
विचारू देत.

पौषातलं ऊन कलायला लागलं होतं.
ते पेंढ्या परत रचत होते, एकेक, दाबून,
शिळेच्या कडांना आधी.
त्यांनी मोजल्या नाहीत. मला सवय लागलीये, मी मोजल्या.
अकरा काढल्या होत्या.
बारा घातल्या.